मुंबईचा च्या

आमच्या गावात चहा आला तो गिरणीकामगारांच्या ट्रंकेतून. गावाला सडक नव्हती, वीज नव्हती, एसटी चार मैलांवर थांबायची. पण चहाचा पुडा मात्र लालबाग-परळहून थेट आमच्या चुलीपर्यंत पोचला होता. खटाव तालुक्यातलं आमचं गाव दुष्काळी. पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. तो सुट्टीवर आला की ट्रंकेत वर पोरांचा खाऊ, मधे बायकोला लुगडं आणि तळाला, कपड्यांच्या घडीत, चहाचा पुडा. लुगड्याला चहाचा वास लागायचा आणि चहाला नव्या लुगड्याच्या खळीचा. माझी आजी त्यालाच मुंबईचा वास म्हणायची.

मी शिकलो दहावीपर्यंत, पोट भरलं शेतीवर. पण माझे आजोबा, वडील आणि चुलते अशी तिन्ही माणसं गिरणीत होती. १९७६ साली दहावीची परीक्षा दिल्यावर मीही आठ महिने लालबागला एका चहाच्या हॉटेलात राहून गिरण्यांच्या दारापर्यंत किटली वाहिली. त्यामुळं चहाबद्दल लिहायचा थोडा हक्क मला पोचतो. वाचलेलं, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आणि स्वतः उकळलेलं असं तिन्ही यात आहे.

चहाच्या आधी आमच्याकडं सकाळी काय होतं? न्याहारी होती. शिळी भाकरी, ताक, कांदा, चटणी. घरात दुभतं असलं तर दूध. नाहीतर ज्वारीच्या कण्या. सकाळी उठून रिकाम्या पोटी काही गरम पिण्याची रीतच नव्हती. आजोबा १९२५ च्या सुमाराला मुंबईला गेले आणि तिथं चहा शिकले. ते म्हणायचे, "न्याहारी पोट भरती, च्या पोटाला थापा मारतो." थापा मारणारा असला तरी त्यांनी तो मरेपर्यंत सोडला नाही.

आता हा चहा मुंबईत कसा आला ते बघू. चहा आपला नव्हे. आपल्या महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत. आसामच्या रानात ही झाडं होती, तिथले सिंगफो लोक पाला वापरत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला ती झाडं दिसली, पुढं मळे उभे राहिले आणि आसामचा पहिला चहा १८३९ च्या जानेवारीत लंडनला लिलावात विकला गेला. कलकत्त्याला लिलाव सुरू झाले १८६१ साली. म्हणजे पिकवायचा आपल्या मजुरांनी आणि प्यायचा साहेबांनी, असा तो धंदा. आपल्या लोकांनी चहा प्यावा असं त्या काळात कुणाच्या मनात नव्हतं, आणि आपल्या लोकांच्याही नव्हतं.

उलट चहा म्हणजे बाटणं. पुण्यातली गोष्ट प्रसिद्धच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली मोठमोठी मंडळी जमली होती. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावला. पण गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गहजब झाला. ख्रिश्चनाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाची एवढी किंमत मोजलेली दुसरीकडं कुठं ऐकली नाही.

मग हाच चहा पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणीकामगाराच्या हातात कसा आला? त्याला कारण मळेवाल्यांचा धंदा. चहा पिकला फार, विलायतेत भाव पडायला लागले, तेव्हा त्यांचं लक्ष इथल्या तोंडांकडं गेलं. १९०३ साली सरकारनं कायदा करून परदेशी जाणाऱ्या चहावर पट्टी बसवली आणि तो पैसा चहाचा प्रसार करायला ठेवला. त्या पैशातून माणसं गावोगाव, बाजारात, स्टेशनावर फुकट चहा पाजत हिंडायला लागली. एका पैशाची पुडी निघाली, म्हणजे गरिबालाही परवडावी. स्टेशनावर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला कारखान्यांत, कोळशाच्या खाणींत आणि कापडगिरण्यांत चहाचे ठेले लागले. मालकांना पटवलं की माणसाला मधे थोडा वेळ सोडा, चहा पाजा, तो जास्त काम करील. कामगाराच्या भल्यासाठी म्हणून हा चहा आला नव्हता. पण आलेली सवलत कामगारानं घट्ट धरून ठेवली, हेही खरं.

कारण विश्रांती ही गिरणीत फुकट मिळालेली गोष्ट नव्हती. मुंबईची पहिली गिरणी कावसजी दावरांनी ताडदेवला काढली, ती १८५६ साली चालू झाली. सुरुवातीला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून मिळवली, ती १८९० साली. मधल्या सुट्टीचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यानं आला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं मोठ्या कारखान्यांत कँटीन ठेवायची तरतूद झाली. म्हणून आजोबा चहाला नुसता चहा म्हणत नसत, 'सुट्टीचा च्या' म्हणत. साच्यापासून दहा मिनिटं लांब जायची ती परवानगी होती. कापसाच्या तुसानं घसा भरलेला, कानात साच्यांचा खडखडाट, अंग घामानं भिजलेलं. तिथं गरम, गोड, कडक घोट घशाखाली गेला की गळा साफ व्हायचा. थंड पाण्यानं तसं होत नाही, असं सगळे जुने कामगार सांगतात.

मी किटली वाहिली तेव्हाचं लालबाग डोळ्यांपुढं आहे. सकाळची पाळी सातला. भोंगा व्हायच्या आधी तासभर रस्ता माणसांनी भरलेला. आमच्या हॉटेलात पहाटे चारला स्टो पेटायचा. मोठ्या जर्मनच्या पातेल्यात पाणी, त्यात आलं ठेचून, पाण्याला उकळी आली की चहाची पूड. पूड म्हणजे डस्ट, मातीसारखी बारीक. लांब पत्तीचा चहा तिथं कुणी विचारत नव्हतं, कारण पत्ती रंग सोडायला वेळ लावते आणि गिरणीच्या गिऱ्हाइकाला वेळ नसतो. मग साखर, मग दूध, आणि वर येऊन उतू जायच्या आत पळीनं ढवळत तीनदा खाली बसवायचा. मग फडक्यातून गाळायचा. फडकं पिळताना हात भाजायचा, पण शेवटचा तो पिळलेला चहाच सगळ्यात कडक. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसरा उकळा काढायचा, तो पहिल्यात मिसळायचा. या दुसऱ्या पाण्यानं चहाला एक तुरट, जळका कडा येतो. गिरणगावची चव म्हणतात ती त्या कड्याची.

ह्या बारीक दाणेदार चहामागंही एक गोष्ट आहे. १९३० च्या सुमाराला आसामातल्या विल्यम मॅकरचर यानं एक यंत्र काढलं. दातेरी रुळांमधून पाला चिरडायचा, फाडायचा आणि वळवायचा. त्यालाच सीटीसी म्हणतात. पाल्याचे दाणे झाले, रंग चटकन सुटायला लागला, आणि तेवढ्याच वजनात जास्त कप निघायला लागले. दूध-साखर घालून पिणाऱ्या गरिबाला असाच चहा पाहिजे होता. पुढं स्वातंत्र्यानंतर देशभर तोच चालला. मुंबईचा कटिंग या दाण्यावर उभा आहे.

कटिंग म्हणजे अर्धा ग्लास. ही मुंबईची स्वतःची मापं. पूर्ण घेतला तर पैसे जास्त आणि वेळही जास्त. अर्धा घेतला तर दिवसातून चारदा घेता येतो. दोघांत एक फुल घेऊन बशीत अर्धा ओतून देणंही चालायचं. मला आठवतं, पगाराच्या दिवशी माणसं फुल मागायची, वीस तारखेनंतर कटिंग, आणि महिनाअखेरीला "लिहून ठेव रं पोरा." हॉटेलमालकाच्या वहीत महिना कितवा चाललाय ते कॅलेंडर न बघता कळायचं.

लालबाग-परळचा चहा हा असा. दादरला गेलं की चव बदलायची. तिथं मराठी खानावळी, उपाहारगृहं. मामा काण्यांचं १९१० सालापासूनचं. तिथं चहा कपबशीत यायचा, बेताचा गोड, वेलदोड्याच्या वासाचा. कारकून माणूस पेपर वाचत प्यायचा. गिरगावात त्याहून निराळं. माझी एक आत्या गिरगावात ठाकुरद्वाराजवळच्या एका वाडीत धुणीभांडी करायची. ती सांगायची, तिथं चहाला गवती चहाची पात पाहिजे म्हणजे पाहिजे, खिडकीतल्या डब्यात लावलेली असायची. पूड मोजून चमच्यानं, उकळायचं नाही, झाकून ठेवायचा. "त्येंचा च्या झोपवून ठेवत्यात, आपला च्या नाचवत्यात," असं तिचं म्हणणं. तिला कामावर रोज चहा मिळायचा, चांगला मिळायचा. फक्त तिचा कप खिडकीत वेगळा असायचा.

आणि तिसरा तो इराण्याचा. यझ्द, केरमानकडून आलेल्या या लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर हॉटेलं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं. नाक्याची जागा आपले दुकानदार अशुभ म्हणून घेत नसत, ती इराण्यांनी घेतली असं सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. चहा दुधाळ आणि गोड. कुणाला कडक पाहिजे असला तर 'पाणीकम'. सोबत ब्रून मस्का. पाव चहात बुडवला की वर लोण्याचे सोनेरी ठिपके तरंगायचे. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची न्याहारी हीच. गावची भाकरी-ताकाची न्याहारी मुंबईत येऊन चहा-पाव झाली ती अशी.

इराण्याच्या हॉटेलाबद्दल वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आमच्या गावच्या महारवाड्यातले एक गृहस्थ आण्णांच्याच गिरणीत होते, पण त्रासनखात्यात. साचेखात्यात त्यांना जागा नव्हती. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि त्यांच्या तोंडाचा धोटा दुसरे धरीनात. साचेखात्यात पगार जास्त, म्हणजे हा विटाळ नुसता मानाचा नव्हता, पैशाचाही होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला होता. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिलेले. गिरणगावात कोण कुणाच्या शेजारी बसतो हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, बघून माहीत होतं. आण्णांच्या काळापर्यंत कायदा बदलला होता, पण जुनी खाती जुन्याच माणसांकडं राहिली होती.

तर हे दोघं चिंचपोकळीला इराण्याकडं एका टेबलावर बसायचे. एकच ब्रून दोघांत. इराण्याला कुणाची जात माहीत नव्हती आणि ती माहीत करून घ्यायला त्याला वेळही नव्हता. कप धुतला की धुतला. पण मे महिन्यात दोघं जत्रेला गावाकडं निघाले, एकाच एसटीतून उतरले, आणि फाट्यावरच्या हॉटेलात गेले की गोष्ट फिरायची. हॉटेलाच्या मागच्या कुडाला खिळ्यावर दोन-तीन कानतुटके कप अडकवलेले असायचे. तो कप घ्यायचा, बाहेर उभं राहून प्यायचा, स्वतः विसळून परत खिळ्याला. मुंबईत शेजारी बसणारा माणूस इथं कुडाच्या पलीकडं. आण्णा काही पुढारी नव्हते. त्यांनी भाषण केलं नाही. ते आपला ग्लास घेऊन मागं गेले आणि कुडाजवळ उभं राहून चहा प्यायले. पुढच्या वर्षीही तसंच. हॉटेलवाला कुरकुरला, पण मुंबईचं रोख गिऱ्हाईक, बोलणार काय? बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ १९७२ ला सुरू झाली, तिचे कार्यकर्ते आमच्या भागातही आले. काही वर्षांनी ते खिळ्यावरचे कप दिसेनासे झाले. कुणी काढले ते कुणी सांगत नाही. पण मला वाटतं, एका टेबलावरचा चहा ज्यांनी मुंबईत चाखला होता त्यांचाही त्यात हात होता.

१९७२ म्हटलं की आमच्याकडं दुष्काळच आठवतो. मी बारा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सोबत. जनावरं छावणीला गेलेली नाहीतर विकलेली, दूध कुठलं? साखर रेशनवर, ती आली तर आली. तेव्हा दुष्काळी कामावर मिलोची भाकरी, सुकडी, आणि कोरा चहा. तीन दगडांच्या चुलीवर डब्यात पाणी, गुळाचा खडा आणि चिमूटभर पूड. आण्णांनी धाडलेला एक पुडा आईनं चार महिने पुरवला. चोथा वाळवून पुन्हा वापरायची. शेवटी शेवटी नुसतं तांबूस गुळवणी असायचं, पण बायका त्याला चहाच म्हणायच्या आणि चहासारखाच पाच मिनिटं बसून प्यायच्या. कोरा चहा म्हणजे आमच्या लेखी नडीचा चहा. पाहुण्याला कोरा चहा द्यायची वेळ आली तर आई पदरानं तोंड पुसत "दूध नासलं बघा" म्हणायची. दूध नव्हतंच, हे पाहुण्यालाही ठाऊक असायचं.

त्यानंतर मुंबईच्या चहात आमच्या भागाचाही वाटा पडायला लागला. हे शेतकऱ्यानं ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गोरेगावची आरे वसाहत १९४९ ची. पहाटे आरेच्या केंद्रापुढं कार्ड घेऊन रांग लावायची, बाटली घ्यायची, तेव्हा चाळीत चहा व्हायचा. पुढं पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत दूध सोसायट्या झाल्या. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ चा. त्याचं दूध मुंबईला जायला लागलं. साखरेचं तसंच. प्रवरेला विठ्ठलराव विख्यांनी १९५० मध्ये सहकारी कारखाना चालू केला, मग एकेका नदीकाठी कारखाने उभे राहिले. म्हणजे कटिंगच्या अर्ध्या ग्लासात पूड आसामची, पण दूध आणि साखर आपली. गावानं माणूस पाठवला, माणसानं चहा पाठवला, आणि गावानं त्या चहासाठी दूध-साखर पाठवली. देवाणघेवाण बरोबरीची झाली असं नाही, पण झाली.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं साठेक गिरण्यांतले अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले दोन-तीन महिने वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. आण्णा सांगायचे, त्या दिवसांत चाळीत सगळ्यात आधी बंद झालं ते दूध. मग साखर कमी झाली. मग हॉटेलातली उधारी. लालबागच्या कित्येक हॉटेलवाल्यांनी वहीत लिहून चहा पाजला. त्यांचा धंदाही त्याच माणसांवर होता, ती उठली तर तेही उठणार. भोंगे बंद झाले तशी किटली वाहणारी पोरंही कमी झाली. ज्या बायका खानावळी चालवत, एकेकीकडं वीस-वीस माणसं जेवत, त्यांची चूल आधी अर्धी आणि मग पूर्ण थंडावली. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. त्याचा आधार किती मोलाचा होता ते तेव्हा कळलं.

पाऊस लागला तसे आण्णा गावाकडं आले. येताना ट्रंक होती, तळाला पुडा नव्हता. आम्ही घरचे काही बोललो नाही. संप रीतसर मागं कधी घेतलाच गेला नाही, पण आण्णांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पन्नाशीत ते पुन्हा शेतकरी झाले. चौदा वर्षं जगले. त्यांचा चहा मात्र गिरणीच्या वेळेवर. सकाळी सातला, मग मधल्या सुट्टीला, मग साडेतीनला पाळी सुटायच्या वेळी. औत चालू असलं तरी बैल सोडून बांधावर बसायचे. बायको म्हणायची, "मामंजी घड्याळ कुठं बघत्यात?" घड्याळ नव्हतंच. छब्बीस वर्षं भोंगा ऐकलेला माणूस तो.

आता पिशवीतल्या चहाकडं येतो, कारण हे सगळं लिहायला निमित्त तीच झाली.

माझी पुतणी लोअर परळला एका हापिसात हिशेबाचं काम करते. ते हापिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. चिमणी ठेवलीय, बाकी काचेचं. मी दर दसऱ्याला झेंडू घेऊन टेम्पोबरोबर दादरच्या फुलबाजारात येतो, तसा गेल्या खेपेला तिच्याकडं गेलो. तिनं विचारलं, "काका, चहा घेणार?" आणि एका यंत्राच्या तोटीखाली कागदी पेला धरला, गरम पाणी घेतलं, त्यात दोरा लावलेली कागदाची पिशवी सोडली. पिशवीवर इंग्रजीत 'ब्रेकफास्ट' असं होतं. पाणी हळूहळू तांबडं झालं. दूध नाही, साखर नाही. "असाच पितात?" म्हटलं. "हो, असाच चांगला असतो, तब्येतीला."

मी प्यालो. आईचा दुष्काळातला चहाच तो, गूळ वजा. पण एक सांगतो, वाईट नव्हता. तोंडात आधी तुरट, मग जिभेच्या मागं एक गोडसर, कोवळ्या हिरव्या कडब्यासारखा वास. आमच्या उकळलेल्या चहात हा वास कधी लागत नाही, कारण आलं, दूध, साखर आणि दुसरं पाणी यांखाली तो दबून जातो. चाळीस वर्षं चहा पिऊन चहाच्या पाल्याची स्वतःची चव मी पहिल्यांदा घेतली म्हणायची.

घरी आल्यावर या पिशवीची माहिती काढली. विलायतेची समजत होतो, ती अमेरिकेची निघाली. तिकडं दोन बायकांनी १९०३ साली पाला ठेवायच्या कापडी पिशवीचं पेटंट घेतलं. आपल्याकडं चहाच्या प्रसाराचा कायदा झाला तेच साल. पुढं १९०८ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या थॉमस सुलिव्हन नावाच्या व्यापाऱ्यानं रेशमी पिशव्यांतून नमुने धाडले आणि गिऱ्हाइकांनी ते तसेच पाण्यात बुडवले, अशी गोष्ट सांगतात. इंग्लंडात टेटली कंपनीनं १९५३ मध्ये पिशव्या विकायला काढल्या, आणि २००० साली ती टेटलीच आपल्या टाटांनी विकत घेतली. ज्यांनी आपल्याला चहा विकला त्यांची पिशवी आपल्या मालकीची झाली! तो कागद बहुतेक अबाका नावाच्या झाडाच्या धाग्याचा असतो. ते केळीच्या जातीचं झाड. गरम पाण्यात फाटत नाही. आणि 'ब्रेकफास्ट' चहा म्हणजे आसाम, सिलोन, केनिया अशा ठिकाणच्या चहांचं कडक मिश्रण. इंग्रज माणूस तो दूध घालूनच न्याहारीला पितो. आपली पोरं तो कोरा पितात ही त्यांची आवड.

पिशवीत भरलेलं काय असतं? बारीक कणी आणि भुकटी. आमच्या लालबागच्या पातेल्यात पडायची तिच्याच घरची. कारणही तेच: बारीक कण लवकर रंग सोडतो. हापिसवाल्यालाही वेळ नाही. गिरणीच्या माणसाला भोंग्याची घाई, हिला मीटिंगची.

मग मी शेतकऱ्याचा हिशोब मांडला. एका पिशवीत दोन ग्रॅम. शंभर पिशव्यांच्या खोक्यात दोनशे ग्रॅम. साध्या पावकिलोच्या पुड्यातून अशा सव्वाशे पिशव्या भरतील. दुकानात दोन्हींच्या किमती वाचून किलोचा भाव काढला तर पिशवीवाला दुपटीच्या जवळ गेला. तो जादा पैसा कागदाचा, दोऱ्याचा, खोक्याचा. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पिशवीला गॅस नको, गाळणी नको, दूध नको, साखर नको, भांडी घासणारं कुणी नको. ते धरलं तर कप स्वस्तच पडतो. ज्या हापिसात चूल पेटवता येत नाही तिथं तो चहा खोटा म्हणता येणार नाही. करायचाच असला तर खळखळ उकळलेलं पाणी घ्यावं, चार मिनिटं झाकून ठेवावा, आणि पिशवी पिळू नये. पिळली की कडवट होतो. आमचं फडकं पिळायचं, हिला पिळायचं नाही, एवढाच काय तो फरक.

तरी माझी एक तक्रार राहते, आणि ती चवीची नाही. त्या पेल्यात आमचं काही नाही. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. आसामच्या बाईनं पाला खुडला, यंत्रानं भरला, यंत्रानं पाणी दिलं. खटाव-माणच्या, कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याचा त्यात घोटभरही वाटा नाही. गिरण्या गेल्या तेव्हा गावची माणसं मुंबईतून गेली. आता चहातून गावचं दूध-साखरही निघाली, तर मुंबईला आमची आठवण कशानं राहायची? पुतणीला मी हे बोललो. ती हसली नाही. म्हणाली, "काका, डॉक्टरनं बाबांची साखर बंद केलीय, माझीही व्हायची वेळ नको यायला." तेही खरंच. आमच्या पिढीनं गोड चहानंच साखर अंगात भरून घेतली आहे. गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ साली आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चहाची शरीराला गरज नाही असं स्पष्ट म्हटलंय. आम्ही गांधीजींचा जयजयकार चहा पिऊन केला.

त्या हापिसात चहाच्या खोलीत एक मावशी होत्या. यंत्र पुसायच्या, पेले भरून ठेवायच्या. बोलता बोलता कळलं, त्यांचे सासरे त्याच आवारातल्या गिरणीत होते, त्रासनखात्यात. मी विचारलं, "तुम्ही हाच चहा पिता?" त्या म्हणाल्या, "नाय हो भाऊ, मी चारला खाली जाते. गेटावर टपरी हाय, कटिंग मारते. सगळ्याजणी येतात. दहा मिनटं तरी कुणाचा फोन नाय का बेल नाय."

मी चारपर्यंत थांबलो आणि त्यांच्याबरोबर खाली गेलो. वॉचमन होते, सफाईवाल्या होत्या, गळ्यात पट्टा घातलेली दोन-चार हापिसातली पोरंही होती. टपरीवाल्यानं पातेलं तीनदा वर आणून खाली बसवलं. चहा फार गोड होता, दूध पाणचट होतं, आणि आलं जास्त पडलं होतं. मावशींनी माझे पैसे देऊ दिले नाहीत.